वराळ्याच्या खोलीतला गिझर

मित्रांनो, मी गॅसवर चालणारा गिझर. आता जुना झालो आहे, पत्रा जागोजागी गंजला आहे. तुम्ही नळ सोडलात की माझ्या पोटात टकटक होते, ज्योत पेटते आणि पाणी कढत होऊन खाली येते. एवढेच माझे काम. त्या ज्योतीलाही तुमच्यासारखा श्वास लागतो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

माझी उमेदीची वर्षे लोणावळ्यात गेली. एका बंगल्याच्या मागच्या पडवीत, उघड्या वाऱ्यावर मी टांगलेला होतो. धुक्यात भिजून आलेले पाहुणे माझ्या पाण्याचे कौतुक करत. माझी ज्योत तेव्हा गोकर्णाच्या फुलासारखी निळी होती. पुढे बंगल्याच्या छपरावर सोलर आला आणि वराळे गावच्या कोंडाजीआबांनी मला जुन्या भावात उचलले.

आबांनी भाताच्या खाचराला लागून दोन मजले चढवले होते. कारखान्यांमुळे लांबलांबची माणसे खोली शोधत तिकडे येत. वरच्या खोलीच्या बाथरूममध्ये मला लावले. माणूस जेमतेम उभा राहील एवढी ती जागा, आणि वर हातभर जाळी. त्या जाळीतून मी श्वास घ्यायचो.

पण मावळातला पाऊस वरून कमी आणि आडवा जास्त येतो. म्हणून मृगाच्या आधी सारे गाव खिडक्यांना, पडव्यांना प्लॅस्टिकचा कागद ठोकते. आबांनी तो जाळीलाही ठोकला. चारी बाजूंनी, पट्ट्या मारून, अगदी मायेने. भाडेकरूच्या अंगावर झड यायला नको म्हणून.

तेव्हापासून माझी ज्योत पिवळी पडली. मध्येच विझू लागली. ठिणगी पाडणारे सेल संपले असतील म्हणून लोक नवे सेल घालत. मित्रांनो, हवा न मिळालेली ज्योत विषारी वायू सोडते. त्याला रंग नसतो, वास नसतो. पाहुणा येऊन जवळ बसावा तसा तो येतो.

पहिले जोडपे डोकेदुखीला कंटाळून गेले. मग गौरव नावाचा तरुण आला. एके दिवशी आंघोळ करून बाहेर पडला आणि उंबऱ्यातच कोसळला. गॅलरीत आणून निजवल्यावर शुद्धीवर आला आणि सामान बांधून निघून गेला. आबांच्या पत्नी शालूबाई घाबरल्या. त्यांनी खोलीवरून नारळ ओवाळून फोडला, दाराला लिंबू-मिरची बांधली. मी भिंतीवरून बघत होतो. मला तोंड कुठे होते?

मग भर पावसात यशोधरा आली. हिंगोलीहून एकटी आलेली, कारखान्यात नुकतीच नोकरी लागलेली.

"मावशी, एकटीच राहणार आहे. चालेल ना?"

"न चालायला काय झालं?"

"तुम्ही आडनाव नाही विचारलं. बाकी सगळ्यांनी आधी आडनाव विचारलं, मग म्हणाले, खोली कालच गेली."

शालूबाई म्हणाल्या, "आडनाव काय भांडी घासनार हाय का हितं? रहा तू. पन लपवत न्हाई बाई, ही खोली बाधते. कोन टिकत न्हाई."

यशोधरा हसली. "भुताला मी भीत नाही. माणसंच बघून आले इतकी. गरम पाणी येतं ना?"

"लय कडक."

तिने कडी लावून पाहिली, ओटा पाहिला, नळ सोडून पाण्याखाली हात धरला. वर मात्र पाहिले नाही. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर विसावा आला असेल, आणि तो माझ्या पाण्याने आला होता.

दुसऱ्या दिवशी कामावर रुजू व्हायचे म्हणून ती सकाळीच आंघोळीला आली. बाहेर झड लागलेली. दार घट्ट लावून ती गुणगुणू लागली,

परक्या गावात, कोण म्हणेल ये ग बाई,
वारा ओळखीचा, वाट ओळखीची नाही.

बाहेर गॅलरीत शालूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. यशोधराने तीच ओवी पुन्हा धरली. आवाज जड झाला, आणि 'वारा' म्हणताना तुटला. नळ तसाच वाहत राहिला. मी जळत राहिलो.

"ए पोरी, पुढचं म्हन की." दारावर थाप पडली. "यशोधरा? अगं, ओ दे."

शालूबाईंनी खांद्याने प्लॅस्टिकचे दार ढकलले, तशी कडी उपटून आली. अंगावरचा पदर तिच्यावर टाकून त्यांनी तिला फरफटत गॅलरीत नेले. पावसाचा आडवा मारा दोघींवर येत होता.

"डोळं उघड गं. तुझ्या आईला काय सांगू मी?"

बऱ्याच वेळाने तिने एक लांब श्वास घेतला. डोके धरून पुटपुटली, "मावशी, इथं बाहेर जरा बरं वाटतंय."

शालूबाईंचा हात थबकला. "गौरव बी हितंच शुद्धीवर आला हुता," त्या म्हणाल्या. मग वळून आत पाहिले. माझी पिवळी ज्योत. आणि जाळीवरचा कागद, वाफेने फुगलेला. त्या उठल्या, नळ बंद केला आणि कोयत्याने तो कागद टराटरा फाडला.

"अहो, खाली उतरवा ह्याला," त्यांनी आबांना हाक मारली. "नारळ कुनापुढं फोडत बसले मी."

यशोधरा दवाखान्यातून त्याच खोलीत परतली. आता ती बादलीतले पाणी शेगडीवर तापवते. मी भंगारवाल्या गेणूच्या दुकानात आलो. आज तिथे परंदवडीचा एक माणूस आला आहे. त्याने भाड्यासाठी नव्या खोल्या बांधल्या आहेत.

"चालू हाय का?"

"एकदम. आन् पानी चटका बसंल असं."

"बाथरूमला खिडकीच ठिवली न्हाई मी. पाऊस येतो नुसता. बसंल ना तितं?"

"न बसायला काय?" गेणू म्हणाला आणि त्याने मला मोटरसायकलला दोरीने बांधले.

मित्रांनो, मला दोष द्या, पण मला मोकळ्या हवेत टांगा. परक्या गावात दमून खोली बघायला जाल, तेव्हा नळाखाली हात धरण्याआधी मान वर करा आणि वारा कुठून येतो ते पाहा. कोणी आंघोळीला गेले असेल तर अधूनमधून त्याला हाक मारा.

मोटरसायकल सुरू झाली आहे. परंदवडीची ती खोली अजून रिकामी आहे, पण म्हणे पाहायला एक मुलगी उद्या येणार आहे.