पारड्याखालचं शिसं

मी दुकानातला काटा बोलतोय, आणि खरं बोलतोय. काट्याला हे आधी सांगावं लागतं, यातच माझं निम्मं आयुष्य आलं.

मी दोन पारड्यांचा, बिडाच्या बैठकीचा, काउंटरवर मांडी घालून बसणारा काटा. ज्या कारागिराने मला जुळवलं तो तोंडाचा फटकळ, पण हाताचा हलका. शेवटची कानस मारून झाल्यावर त्याने माझ्या एका पारड्यात वाटाण्याचा एक दाणा टाकला. मी झुकलो. दुसऱ्यात दुसरा टाकला. मी सरळ झालो. "जा आता," तो म्हणाला, "कुणी बिघडवलं नाही तर तू बिघडणार नाहीस." आशीर्वाद चांगला होता, पण अट त्याच्यातच होती.

मला विकत घेतलं एका किराणा दुकानदाराने. त्यालाच मी मालक म्हणतो. माणूस मोठा गोड. "या ताई, बसा आजोबा, उन्हातून आलात, पाणी घ्या." गिऱ्हाईक पायरी चढण्याआधीच अर्धं विकलं जायचं. एक हात मापात, दुसरा मनुक्यांच्या पोत्यात. दिवसभर तोंड चालू. बोलून झालं की खायला, खाऊन झालं की बोलायला. जेवायला बसला की ताट गच्च भरून घ्यायचा आणि निम्मं तसंच टाकून उठायचा. वर म्हणायचा, "खाऊन-पिऊन सुखी घरातल्या माणसाने ताट चाटूनपुसून खाऊ नये, शोभत नाही."

दुकान उघडून आठवडा झाला नसेल. दुपारी दार लोटून मालकाने मला आडवं केलं आणि मालाच्या पारड्याखाली शिशाचा एक तुकडा मेणाने चिकटवला. तीस ग्रॅमचा. कुणी पारडं उलटून बघितल्याशिवाय दिसणार नाही असा.

आता जाणकार विचारतील, रिकामा काटा एका बाजूला झुकलेला दिसणार नाही का? दिसेल. म्हणून मालकाने एक रीत पाडली. वजनाच्या पारड्यात एक वजन कायम ठेवायचं. काटा रिकामा म्हणून ठेवायचा नाही. "रिकामं पारडं दिसलं की घरातली बरकत जाते," तो सगळ्यांना सांगायचा, इतक्या मनापासून की शेजारचा पिठाच्या गिरणीवालाही आपल्या काट्यात वजन ठेवून झोपायला लागला. त्याच्या काट्याखाली काही नव्हतं, बिचाऱ्याच्या. वर्षातून एकदा वजनमापं तपासणारे साहेब यायचे. त्या दिवशी शिसं मालकाच्या खिशात, आणि साहेबांच्या हातात बदामांचा पुडा.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मालकाने तीस वर्षं दात कोरूनच पोट भरलं. आणि कुणाचे दात? माझं दुःख इथे आहे, नीट ऐका. पाच किलो नेणाऱ्याचे तीस ग्रॅम गेले तर त्याला पत्ताही लागत नाही. पण शंभर ग्रॅम नेणाऱ्याचेही तीसच जातात. शिशाला श्रीमंत-गरीब कळत नाही, म्हणून ते गरिबाचंच जास्त खातं. आणि एवढं करून दुकानात काय चालायचं? भाव चढेल म्हणून दाबून ठेवलेल्या डाळीला किडे लागायचे, बटाट्यांना कोंब फुटायचे, पाव बुरसायचे. दर आठवड्याला मागच्या दाराने दोन टोपल्या उकिरड्यावर. पुढच्या दाराने चिमटीने चोरायचं आणि मागच्या दाराने टोपलीने फेकायचं, असा तो व्यापार.

एक मुलगी यायची. आई लोकांचे कपडे धुवायची, मुलगी हातात स्टीलचा डबा घेऊन शंभर ग्रॅम साखरेला यायची. ही मुलगी पुढे याच घरची सून झाली. आत्ताच सांगून टाकतो, कारण मला काही लपवायचं नाही. लपवण्याचं काम माझ्या नशिबात पुरेसं आलं.

तिच्या आईकडे एक कप होता. त्यात शंभर ग्रॅम साखर कुठवर येते तिथे तिने खिळ्याने रेघ मारून ठेवली होती. साखर त्या रेघेला कधी भिडलीच नाही. "वाटेत खाल्लीस!" म्हणून मुलीला मार. एकदा मुलगी रडत रडत परत आली. "काका, आई म्हणते साखर कमी आहे."

दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं उभी. मालक जराही गडबडला नाही. हसून म्हणाला, "बघू, जीभ काढ बघू बाहेर!"

मुलीने जीभ काढली.

"ही बघा, अजून पांढरी आहे!" सगळं दुकान खो खो हसलं. मालकाने माझ्या पारड्यावर थाप मारली. "बाळ, माणूस खोटं बोलेल, काटा बोलत नाही." आणि तिला एक बिस्किट दिलं. तिने ते घेतलं, कारण तिला भूक लागली होती. त्या दिवसापासून गल्लीत तिचं नाव पडलं साखरचोर.

सगळ्यात वाईट काय झालं, तर पुढे तिलाच ते खरं वाटायला लागलं. मोठी झाल्यावर ती स्वतःच हसून सांगायची, "लहानपणी मी फार चोरटी होते हो, साखर खाऊन घरी यायचे." आईचा मार, गल्लीचं हसू आणि माझी साक्ष. एवढं सगळं एका बाजूला पडल्यावर पोर तरी दुसऱ्या बाजूला काय ठेवणार?

माझ्या नावाची शपथ घेऊन त्याने मला खोटं पाडलं. त्याच दिवशी मी ठरवलं. काट्याला हातपाय नसतात, पण काट्याला घाईही नसते. याचं माप एक दिवस याच्याच ताटात वाढायचं.

वर्षं गेली. मोठमोठी दुकानं आली, बटणांचे काटे आले, आमचं दुकान बंद झालं. मालकाच्या मुलाने नोकरी धरली आणि लग्न केलं, ते त्याच साखरचोर मुलीशी. मालकाने आढेवेढे घेतले नाहीत. तिच्या हाताला चव होती, त्याच्यासाठी तेवढं पुरे. मला घरी आणून कपाटावर ठेवलं. सूनबाई आठवड्यातून एकदा माझ्यावरची धूळ पुसायची आणि वजनाच्या पारड्यात वजन परत ठेवायची. बरकतीची रीत ना!

मग मालकाची साखर वाढली. दुकानातली नव्हे, रक्तातली. मनुके, गूळ, बिस्किटं, केक, सगळ्यांनी मिळून अंगात दुकान थाटलं होतं. पायाची बोटं बधिर झाली, मग हाताची. डॉक्टरांनी जेवणाआधीचं इंजेक्शन लावलं आणि आहार सांगणाऱ्या बाईंकडे पाठवलं. घरी आल्यावर सूनबाईने मला त्यांचा कागद वाचून दाखवल्यासारखा मोठ्याने वाचला. सकाळी पाव साठ ग्रॅम. दुपारी भात शंभर. रात्री उकडलेला बटाटा शंभर, मग पाव नाही. "बाई म्हणाल्या, जास्त नको तसं कमीही नको. इंजेक्शन घेऊन कमी खाल्लं तर चक्कर येईल, शुद्धही जाईल. छोटा काटा विकत आणा म्हणाल्या."

"काटा विकत?" मालक उसळला. "तीस वर्षं ज्या घराने अख्ख्या गल्लीला मोजून घातलं त्या घरात काटा विकत आणायचा? तो बघ, कपाटावर. त्याच्यासारखा खरा काटा या गावात दुसरा नाही."

दुकानदाराची जीभ सवयीने पुढे पळते, डोकं मागून धापा टाकत येतं. शेवटचा शब्द तोंडातून निघाला आणि मालकाचा चेहरा पडला. पण सूनबाईचे डोळे कौतुकाने भरले होते. तिने मला दोन्ही हातांनी उतरवलं, ओट्यावर मांडलं.

आता गणित तुम्हीच करा. साठ ग्रॅम पावातले तीस गेले. उरले किती? अर्धे! तीस वर्षांत माझ्यासमोर इतकं छोटं गिऱ्हाईक आलं नव्हतं.

पहिल्या दिवशी ताटाकडे बघून मालक म्हणाला, "एवढंच?"

"मोजून साठ आहे, बाबा. तुमच्याच काट्यावर."

आयुष्यात पहिल्यांदा त्याने ताटातला कण न् कण वेचून खाल्ला. मी ओट्यावरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पाचव्या दिवशी सूनबाई कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली आणि मालक चोरपावलांनी स्वयंपाकघरात शिरला. मला तिरकं करून पारड्याखाली नखं घालायला लागला. पण मेण जुनं, दगडासारखं झालेलं, बोटं बधिर. धडपडीत वजन खणकन फरशीवर पडलं. सूनबाई धावत आली.

"बाबा! पुन्हा?" गेल्याच महिन्यात तिने त्याला बिस्किटांच्या डब्यासकट पकडलं होतं.

मालकाने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. खाई त्याला खवखवे. "अगं... एक बिस्किट फक्त," तो म्हणाला. चोर म्हणवून घेण्यापेक्षा त्याला खादाड म्हणवून घेणं परवडलं.

तेव्हापासून स्वयंपाकघराला कडी लागली. मालक हॉलमध्ये, मी आत, आणि मधे त्याचीच अब्रू.

तो वाळायला लागला. हात थरथरायचे, घाम फुटायचा. सूनबाई जिभेखाली चमचाभर साखर घालायची, की थोडा वेळ बरं. डॉक्टरांनी डोस कमी केला, तरी तेच. "खाणं नक्की मोजून देताय ना?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ग्रॅम न् ग्रॅम." मालक खिडकीबाहेर बघत होता.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. पण सुडाचं एक असतं, तो नेम धरतो एकावर आणि वळ उठतो दुसऱ्याच्या पाठीवर.

मालकाची मुलगी माहेरी आली. वडिलांची दशा बघून दारातच कपाळाला हात लावला. संध्याकाळी सगळे टेबलाशी बसले. मालकासमोर बटाट्याच्या चार फोडी.

"वहिनी, हे बाबांचं जेवण आहे की चिमणीचं?"

"शंभर ग्रॅम आहे, ताई. कागदावर लिहिलंय तसं."

"शंभर? मला काय डोळे नाहीत? लहानपणी साखरेवर हात मारायचीस, आता सासऱ्याच्या ताटावर मारतेस होय?"

सूनबाईच्या हातातला चमचा थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणाला, "अगं, ताईचंही बरोबर आहे. जरा कमीच दिसतंय. तू काटा सरळ व्हायच्या आधीच उचलत नाहीस ना?"

"तुम्हीपण?" ती म्हणाली. मग आत गेली, मला उचलून आणलं आणि टेबलावर ठेवलं. "हा काटा बाबांचा आहे. हा खोटा असेल तर बाबा खोटे. आणि हा खरा असेल तर चोर मीच. बाबा, तुम्हीच सांगा आणि मिटवा. उद्यापासून ताईंनी मोजावं, मी भावाकडे जाते."

तिघंही मालकाकडे बघत होते. त्याचे ओठ पांढरे पडलेले, हात टेबलाच्या कडेवर थरथरतोय. तोंड उघडलं तर तीस वर्षांचं नाव जाणार. नाही उघडलं तर जिभेखाली साखर घालणारी ही जाणार, आणि मग दोन दिवसांत तोही. मी मनातल्या मनात म्हटलं, बोल. काटा खोटं बोलत नाही म्हणाला होतास ना? आता तू बोल.

"पारडं उलट कर," तो म्हणाला.

"काय?"

"मालाचं पारडं. उलट कर, सूनबाई."

तिने उलटं केलं. काळ्या मेणात बसलेला काळा तुकडा, मालकाच्या नखांचे ओरखडे त्याच्यावर. ताई म्हणाली, "हे काय आहे?" मुलगा दुकानदाराचाच पोरगा. तो मान खाली घालून बसला.

"किती ग्रॅम?" सूनबाईने विचारलं.

"तीस."

"पहिल्यापासून?"

मालकाने होकाराची मान हलवली.

ती बराच वेळ त्या तुकड्यावरून अंगठा फिरवत राहिली. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "म्हणजे मी खाल्ली नव्हती." थोड्या वेळाने पुन्हा, "आई गेली. तिला आता कोण सांगणार, मी खाल्ली नव्हती म्हणून?"

मालक तिच्यासाठी बोलला की बटाट्यासाठी, हे मला विचारू नका. मी माल तोलतो, मनं नाही. मालक रडत होता एवढं खरं. पण भुकेनेही माणूस रडतो.

मुलाने सुरी आणली, शिसं खरवडायला. सूनबाईने त्याचा हात धरला. "राहू दे. आहे तिथेच असू दे."

ती भावाकडे गेली नाही. मी अजून ओट्यावर आहे, शिशासकट. रोज तीन वेळा ती मालकाला समोर बसवते आणि त्याच्या डोळ्यांदेखत मोजते. आधी वजनाचं पारडं रिकामं करते, मी एका अंगाला कलंडतो, ते त्याला बघू देते. मग कागदावरच्याएवढं वजन टाकून माल तोलते आणि ताटात वाढते. आणि मग चमच्याने वरचे तीस ग्रॅम वेगळे घालते. "हे तुमचे राहिलेले," असं म्हणते. रोज. तीनदा. आवाज न चढवता. ताई आली तरी, शेजारी बसलेले असले तरी.

मालकाची तब्येत आता छान आहे. चक्कर येत नाही, डॉक्टर खूश आहेत. तो वरचा चमचाही तो मुकाट्याने खातो. टाकायची सोय नाही. अजून पुष्कळ जगेल, आणि जगावंच त्याने. रोजची तीन जेवणं, म्हणजे वर्षाला हजाराच्या वर चमचे होतात. मला घाई नाही.

तुम्ही मला क्षमा शिकवायला येऊ नका. यायचंच असेल तर आधी आपल्या घरी जा, ताटात काय टाकून उठलात ते बघा, कुणाच्या वाट्याचं कमी वाढलंत ते बघा, आणि जो काटा वापरता त्याचं पारडं एकदा उलटून बघा. खाली काही नसेल, तर या. बसा. पाणी घ्या. मग बोलू.