दह्याचा सट आणि भिंगरीचा घास

मी एक जुना चिनी मातीचा सट आहे. रुंद तोंडाचा, पांढरा, काठाला निळी रेघ असलेला. हल्ली मी गॅलरीत कपड्यांचे चिमटे सांभाळतो. मित्रांनो, फार बोलण्याचे त्राण आता माझ्यात नाही. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

भट्टीतून निघालो तेव्हा मी आरशासारखा गुळगुळीत होतो. एका इलेक्ट्रिशियनने मला घरी आणले. त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहत असे. तिला सगळे आत्या म्हणत. बारा वर्षे तिने रोज माझ्यात दही लावले. मला तिरके केले तरी ते हलत नसे. भाजीचा रस्सा असो की केकचे पीठ, आत्याचा हात आधी माझ्याकडे वळे. शेजारणी विरजण मागायला येत आणि मी उगाच फुशारून जाई. मधल्या काळात कधीतरी पळी आपटून माझ्या तळाशी केसाएवढा तडा गेला होता. त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही.

इलेक्ट्रिशियनची मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिचे नाव भिंगरी पडले. ती चार वर्षांची असताना दही खाल्ले की तिचे ओठ सुजू लागले, अंगावर गांधी उठू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी दूधदुभते बंद केले. घरात सोयाबीनचे दही आले, तर तेही तिला सोसेना. दुष्काळात तेरावा महिना!

"दुधाचं नको, सोयाबीनचं नको. मग रस्स्यात काय घालू, माझं कपाळ?" आत्या वैतागून म्हणाली.

पण ती हटली नाही. नारळाच्या दुधात लिंबू पिळून पाहिले, तर रस्सा गोडूस झाला. ओट्स भिजवून वाटले, तर भिंगरीची आई म्हणाली, "वन्सं, ही तर खळ झाली. भिंतीला कागद चिकटवा हिनं!" दोघी हसल्या, पण आत्याचे खांदे उतरले होते.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून काजूला परवानगी दिली. आत्याने काजू भिजवून गंधासारखे वाटले, त्यात थोडे नारळाचे दूध आणि लिंबाचा रस घातला आणि ते सारे माझ्यात ओतून ठेवले. दुपारी गॅस बंद केल्यावर तिने ते रस्स्यात ढवळले. रस्सा फाटला नाही. चव अगदी हवी तशी आंबट आली. भिंगरीने वाटी चाटूनपुसून साफ केली.

थोड्याच वेळात तिचे ओठ सुजले आणि श्वास शिटीसारखा वाजू लागला. तिचे बाबा तिला उचलून अनवाणीच जिना उतरले.

दवाखान्यात इंजेक्शन मिळाले आणि पोर वाचली. सगळ्यांनी काजूला दोष दिला. डॉक्टरीणबाईंनी मात्र विचारले, "भांडं कोणतं होतं?"

घरी येऊन आत्याने मला उजेडात धरले. तळाला बोट फिरवले आणि वास घेतला. घासून घासूनही तड्यातून जुन्या दह्याचा आंबूस वास येत होता.

"माझ्याच हातानं घातलं रे मी तिच्या पोटात," ती भावाला म्हणाली आणि तिने मला गॅलरीत नेऊन ठेवले.

मित्रांनो, बारा वर्षांचे कौतुक त्या क्षणी माझ्या अंगावर आले. मी तिचे वाईट चिंतले नव्हते. पण जे मुरते ते मुरतेच.

घरात नवी काचेची बरणी आली. तिला वेगळा चमचा, वेगळी घासणी. काजूची पुन्हा तपासणी झाली. मग आत्याने पहिला घास डॉक्टरीणबाईंच्या समोर भरवला. तासभर सगळे भिंगरीचे ओठ पाहत बसले. तीच कंटाळून म्हणाली, "आत्या, नुसतं बघतेस काय? अजून वाढ ना!"

हे मी पाहिले नाही, गॅलरीत बसून घरच्यांच्या तोंडून ऐकले. परवा एक पाहुणी मला न्याहाळून म्हणाली, "इतका छान सट बाहेर का? घासून घेतला की झालं. एवढ्यानं काय होतंय?"

मित्रांनो, एवढ्यानेच होते. ज्याला जे सोसत नाही, त्याच्या घासाबाबत "एवढ्याने काय" म्हणू नका. त्याची भांडी वेगळी ठेवा. आणि माझी कीव येऊन कोणी मला स्वयंपाकघरात नेऊ लागले, तर माझ्यासाठी एवढे करा, त्याला दारातच अडवा.