फेरफार नंबर चारशे सतरा

मी शिरवणे गावच्या फेरफाराची वही बोलतेय. जमिनीचा मालक वारला की त्याच्या जागी कोणाकोणाची नावं लागली, ते माझ्यात लिहिलं जातं. दुसरं काही मला येत नाही. पण जे लिहिलं गेलं ते मी जसंच्या तसं सांभाळलं, आणि नेमक्या त्याच कारणासाठी मला तीन वर्षं एका लोखंडी ट्रंकेत कोंडून ठेवलं.

मी गावात आले ती तलाठी बाजीराव भाऊसाहेबांच्या सायकलवरून. जाड पुठ्ठा, पाठीला लाल कापड, पानापानावर नंबर. बाजीराव शिस्तीचे. नोंद घातली की चावडीसमोर उभं राहून मोठ्याने वाचायचे, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की आम्हाला कळलं नाही.

१९६८ साली गावातला चांगू राघो वारला. खाडीच्या अंगाला त्याची सव्वा एकर भातजमीन होती. बाजीरावांनी नोंद घातली, फेरफार नंबर ४१७. मयताचे वारस: मुलगा धर्मराज, मुलगी शेवंता.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "पोरीचा नाव कशाला लिवता, भाऊसायेब? ती उद्या परक्याच्या घरची."

"बापाची आहे ना? मग लिहिणार," बाजीराव म्हणाले.

धर्मराजने सही केली. शेवंताने अंगठा दिला. शाई जास्त झाली, म्हणून ती हसत हसत पदराला बोट पुसत गेली.

पुढे नवं शहर आलं. जमिनी संपादनात गेल्या. शेतंच उरली नाहीत, तर माझ्यात लिहिणार काय? मला रुमालात बांधून तालुक्याच्या कचेरीत पाठवलं. तिथल्या फळीवर मी वीसेक वर्षं धूळ खात पडले. गावाशेजारी नेरूळला इमारती झाल्या, स्टेशन झालं, हे सगळं मला लोकांच्या बोलण्यातूनच कळलं.

१९९३ साली अचानक माझी आठवण झाली. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात गावकऱ्यांना भूखंड मिळू लागले होते आणि त्यासाठी वारसांचा पुरावा लागायचा. पहिला आला केतन, धर्मराजचा मुलगा. अभिलेख खोलीचा कारकून कमळाकर, त्याने मला उघडून त्याच्यापुढे ठेवलं. केतनने ४१७ वाचली आणि आत्याच्या नावावर बोट ठेवलं.

"साहेब, हे पान कोणाला दिसता कामा नये."

"पान फाडलं तर माझी नोकरी जाईल," कमळाकर म्हणाला. मग हसला. "वही सापडली नाही तर मात्र कोणाचीच जात नाही. मग वारसाच्या प्रतिज्ञापत्रावरच काम भागतं."

केतनने त्याला काय दिलं, ते मला माहीत नाही. मी पाहिलं नाही, आणि जे पाहिलं नाही ते मी सांगणार नाही. त्या संध्याकाळी मी जुन्या मतदारयाद्यांखाली ट्रंकेत गेले, एवढं खरं.

आठ दिवसांनी शेवंताबाई आल्या. पत्र्याआडून मी आवाज ऐकला. हसणं त्यात राहिलं नव्हतं.

"सायेब, माजे बापसाच्या फेरफाराची नक्कल पायजे."

"अर्ज द्या. कशासाठी हवी?"

"माजा दादूस, धर्मराज, भूखंडाचे पिलाटासाठी लिवून देलाय, का त्याला बहीन नाय. मी म्हने रस्त्यावरशी उचलून आनलेली पोर. पन्नाशीला आली मी, सायेब. आता मी कोनाची?"

कमळाकरने कागद चाळल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "बाई, ती वही सापडत नाहीये. पुढच्या महिन्यात या."

त्या पुढच्या महिन्यात आल्या. त्याच्या पुढच्याही. वालाच्या शेंगांची टोपली बाजारात शेजारणीकडे, रंगूबाईकडे ठेवायची आणि इथे बाकावर येऊन बसायचं. कमळाकरने त्यांना कधी हिडीसफिडीस केलं नाही. बसा म्हणायचा, पाणी द्यायचा. वही तेवढी द्यायचा नाही. बाकावरच्या माणसांना त्या सांगायच्या, "पोर माजी, सुचिता, कलंबोलीला देलीय. ती बोलते, आये, सोड तो नाद. कसा सोडू? गावात आता मना भाऊबीजेला पन कोन बोलवत नाय."

तीन वर्षांनी कचेरीत नंदिनी नावाची नवीन कारकून आली. तपासणीसाठी दप्तर मोजताना तिने ट्रंक उघडली. पाठीवरचं गावाचं नाव वाचलं, आणि मला छातीशी धरून ती थेट बाकावरच्या शेवंताबाईंपाशी गेली; त्यांचं गाऱ्हाणं तिने ऐकलं होतं.

"मावशी, वडिलांचं नाव काय?"

"चांगू राघो."

नंदिनीने वाचलं, "मयत चांगू राघो यांचे वारस, मुलगा धर्मराज, मुलगी शेवंता."

"परत वाच, बाय."

नंदिनीने चार वेळा वाचलं. पाठ करून घ्यायचं असावं, तशा शेवंताबाई ओठ हलवत होत्या. त्याच दिवशी सहीशिक्क्याची नक्कल त्यांच्या हातात पडली. कमळाकर नंदिनीला एवढंच म्हणाला, "नवीन आहेस." महिन्याभरात तिची बदली झाली.

शेवंताबाई परत आल्या, तेव्हा मी कमळाकरच्या टेबलावर त्याच्या डब्याखाली होते.

"दुसरी नक्कल द्या. पयली दादूसनी फाडली. बोलला, आता काय उपेग? बिल्डिंग उभी रायली. मी बोलले, मना घर नको तुजा. बहीन नाय असा लिवलंस, तवढा खोड. त्यानी दार लावला. आता कोरटात जातंय."

"वही सापडत नाहीये, बाई."

शेवंताबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग डबा उचलला, जमिनीवर ठेवला आणि माझ्या लाल पाठीवर हात ठेवून समोरच्या खुर्चीत बसल्या.

"मना वाचता नाय येत. दिसता मातर."

अख्खी कचेरी भोवती जमली, कुजबुज सुरू झाली. आवाज ऐकून मोठे साहेब केबिनमधून बाहेर आले. "काय चाललंय? द्या त्यांना." कमळाकरने मान खाली घालून अर्ज घेतला. पुढच्या सोमवारची तारीख दिली.

सोमवारी नक्कल तयार होती. शेवंताबाई आल्या नाहीत.

पंधरा दिवसांनी रंगूबाई आली. "शेवंता गेली, सायेब. बाजारात बसल्या जागी. भावाचे घरशी मातीला कोनी आला नाय. तो कागद मना द्या, मी तिचे पोरीला पोचवीन."

कमळाकर या वेळी खोटं बोलला नाही. नियम खरोखरच तसा आहे. "आता ती फक्त वारसाला देता येते, तेही पुरावा दाखवल्यावर," तो म्हणाला, आणि नक्कल माझ्या पानांत ठेवून दिली.

तेव्हापासून मी फळीवर आहे. पुठ्ठा वाळवीने खाल्लाय, पानं अजून शाबूत आहेत. भूखंडाच्या फाइलीत लिहिलंय की धर्मराजला बहीण नाही. माझ्यात लिहिलंय की आहे. दोन्हींवर सरकारचाच शिक्का, आणि दोन्ही आपापल्या कपाटात बंद.

सुचिता, तुला मी कधी पाहिलं नाही. कळंबोलीत कुठे राहतेस, तेही मला ठाऊक नाही. वाळवीने पानं संपवायच्या आत ये आणि आईचा कागद घेऊन जा. येताना तू शेवंताची मुलगी असल्याचा पुरावा तेवढा आण. तो कोणत्या कचेरीत, कोणत्या वहीत आहे, ते मात्र मला सांगता येणार नाही.