टॅबिथा घाबरली त्याची गोष्ट

पहाटे टॅबिथा उठली तर चूल आधीच पेटलेली. नवरा, म्हणजे इझिकेल, गुडघे टेकून फुंकत होता आणि वर मक्याची लापशी करपत होती.

"अहो, बरं नाही का वाटत?"

"अगं, तू रोज दमतेस, म्हणून म्हटलं..."

अठरा वर्षांच्या संसारात इझिकेल चुलीपाशी यायचा तो फक्त पाइप पेटवायला. टॅबिथाच्या लक्षात आलं, आज कोर्टात जायचं आहे.

शेजारच्या गिटिंग्जची शर्यतीची घोडी इझिकेलच्या मनात भरली होती. बदल्यात तो सफरचंदाची बाग देणार होता. बाग टॅबिथाच्या बापाने तिला ठेवलेली. तिथल्या सफरचंदांची सायडर, म्हणजे आंबवलेली दारू, प्यायला अर्धा परगणा यायचा आणि जाताना टॅबिथाचं नाव काढायचा, इझिकेलचं नाही. त्या काळी अमेरिकेतल्या मेरीलँडात लग्न झालं की बायकोची गाय, गादी, पातेली, सगळं नवऱ्याचं. तिची जमीन द्यायची असेल तर मात्र मॅजिस्ट्रेट तिला एकटीला आत नेऊन विचारणार, नवऱ्याने दम तर दिला नाही ना?

वाटभर गाडीत इझिकेल तिच्या पायांवरची घोंगडी सारखी करत होता. "फक्त हो म्हण. बस्स."

कोर्टाबाहेर घोडी बांधलेलीच होती. इझिकेल तिला लाडाने 'डचेस' म्हणू लागला होता.

आतल्या खोलीत म्हाताऱ्या मॅजिस्ट्रेट हॅलमसाहेबांनी नेहमीचं विचारलं, "बाई, नवऱ्याने मारलं, धमकावलं, भीती घातली?"

"मारलं नाही, साहेब. धमकीही नाही."

"मग इथे सही करा."

"भीती मात्र घातली."

लेखणी थांबली. "ती कशी?"

"आज त्यांनी चूल पेटवली."

"स्वतः?"

"स्वतः. वर म्हणाले, तू दमतेस. अजून हातापायांत कापरं आहे, साहेब."

हॅलमसाहेबांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. त्यांनी उठून दार नीट लावून घेतलं.

"लापशीही केली?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"केली. करपवली."

"अरे देवा!" म्हणत त्यांनी कागदावर लिहिलं, 'सदर स्त्री भयभीत आहे. सबब व्यवहार नामंजूर.'

गिटिंग्ज डचेसला घेऊन घरी गेला. परतीच्या वाटेवर घोंगडी इझिकेलच्याच पायांवर होती.

दुसऱ्या दिवशी टॅबिथा उठली. चूल थंडगार, नवरा घोरतोय. तिच्या जिवात जीव आला. तिने टोपली उचलली आणि बागेकडे निघाली. लापशीचं ज्याचं त्याने बघावं.