कच्च्याचा भाव

किमयाचा एक नियम होता, आणि तो मोडायची वेळ आणली ती सख्ख्या मावशीनं.

रोह्याला लागून असलेल्या वरश्यात राहणारी किमया आठवडाभर धाटावच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये काम करायची आणि रविवारी मोबाईल समोर उभा करून व्हिडिओ गेमची परीक्षणं करायची. कोट्यवधी खर्चून काढलेल्या गेमच्या वाटेला ती जात नसे. कुणीतरी एकट्यानं घरी बसून केलेले, कुठे शिवण उसवलेली, कुठे बटण तुटलेलं, असे गेम ती पदरचे पैसे मोडून घ्यायची, खेळायची आणि शेवटी एकच सांगायची: घ्या, किंवा घेऊ नका. तिला बघणारी माणसं फार नव्हती, पण होती ती तिच्या शब्दावर खिशात हात घालायची. म्हणून ओळखीच्या माणसाच्या गेमबद्दल तोंडच उघडायचं नाही, असा तिनं कानाला खडा लावला होता.

अशात पेणहून अनितामावशीचा फोन आला.

"किमे, आमच्या हरेशनी गेम काढलाय बघ. तुझे काका म्हनतात, किमया काय बोलते ते आयकू. घ्या म्हनली तर सीझन झाल्यावर करू दे त्याला ते कॉम्प्युटरचं. घेऊ नका म्हनली तर कॉम्प्युटर माळ्यावर, नि हरेश कायमचा कारखान्यात."

"अगं मावशी, पण माझ्यावर कशाला?"

"तू तोंडावर बोलतेस म्हनून गो."

ते मात्र खरं होतं. मावशीचे यजमान पुंडलिककाका यांचा पेणमध्ये गणपतीचा कारखाना. दोन वर्षांपूर्वी चार गिऱ्हाइकांसमोर किमया त्यांना म्हणाली होती, "काका, हे पितांबर अगदी बादलीच्या रंगाचं दिसतंय." काका तेव्हा दोन दिवस बोलले नव्हते, पण पितांबरं मात्र सगळी बदलली होती. तेव्हापासून भाचीच्या जिभेवर त्यांचा भलताच विश्वास. आता त्या विश्वासापायी मावसभावाचं नशीब तिच्या गळ्यात आलं होतं. नाही म्हणावं तरी निकाल, हो म्हणावं तरी निकाल. चरफडत तिनं गेम विकत घेतला. फुकट मागायचा नाही, हा तिचा आणखी एक नियम, तो तरी शाबूत राहिला.

गेमचं नाव 'उधाण'. खाडीकाठचं एक गाव, बांधापलीकडे खारं पाणी, अलीकडे भाताची खाचरं. भरती चढली की बांधाला भोक पडतं, आणि ते वेळेत बुजवायचं. गेम उघडल्याबरोबर किमयाला वाटलं, लॅपटॉप गेला. सगळं पांढरं! माणसं पांढरी, बैल पांढरे, चिखलसुद्धा पांढरा. तिनं लॅपटॉप बंद करून पुन्हा लावला, पडदा पुसला, तरी पांढरंच. जिथून गेम घेतला त्या ऑनलाइन दुकानाच्या पानावर बाकीचेही हेच रडत होते. एकानं लिहिलं होतं, "कॉम्प्युटर दुरुस्तीला नेला, दुकानदार हसला."

बाकी उसवणही भरपूर होती. एक चिंबोरी नांग्या उगारून बांधाच्या आरपार चालत जायची. पाण्याचा आवाज मधेच बंद पडायचा. आणि एक म्हातारी जमिनीपासून वीतभर वर, हवेत बसून जाळं विणत होती. किमयानं जवळ जाऊन पाहिलं आणि तिला हसूच आवरेना. ती सीताबाई होती, तिची आणि हरेशची आजी! म्हणजे हे वडखळपलीकडचं आजोळच होतं की!

मग बांध फुटला, आणि किमयाचं हसू थांबलं. एकट्यानं तो बुजतच नव्हता. दारोदार पळत जाऊन माणसं बोलवायची, आणि ज्याच्या कामाला आपण आधी गेलो असू तोच घमेलं घेऊन बाहेर यायचा. आजोळी असंच होतं. बांध फुटल्याची हाळी आली की जेवती माणसं ताटावरून उठायची. किमया एकेका दारावर थाप मारत सुटली. पांढरी माणसं एकामागून एक बाहेर पडू लागली, आणि तिला खरोखर भरून आलं. गॅसवरचा भात करपला तेव्हा कुठे ती उठली. गेम चांगला होता, पण बिनरंगाचा, उसवलेला, आणि किंमत होती चारशे नव्याण्णव. या भावाला तो 'घ्या' म्हणणं म्हणजे शुद्ध थाप ठरली असती.

फोनवर सांगायचा धीर होईना, म्हणून पुढच्या रविवारी ती एसटीनं पेणला गेली.

कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काका चहा पीत होते, जनू नावाचा कारागीर सोंड घासत होता, आणि हरेश ब्रश हातात धरून नुसताच बसला होता. किमयानं चहाचा घोटसुद्धा घेतला नाही. घेतला असता तर जीभ मऊ पडली असती.

"घेऊ नका," ती म्हणाली.

मावशीनं कपाळावर हात मारला. काकांनी कप खाली ठेवला. "झालं तर मग. हऱ्या, आयकलंस?"

हरेशचा चेहरा उतरला. "पण का गो?"

"अरे, रंगच नाहीत! लोकांना वाटतंय कॉम्प्युटर बिघडला."

"रंग कसे असतील? कच्चा हाय तो." हरेश जणू सूर्य पूर्वेला उगवतो असं सांगत होता. "वर लिवलंय ना मी, कच्चा माल म्हनून. आत रंगांचा डबा दिलाय. ज्यानं त्यानं आपल्या आवडीनं रंगवायचा."

किमयानं मान वळवली. भिंतीपासून दारापर्यंत गणपतीच गणपती उभे होते, सगळे पांढरेफटक. अर्धं पेण हेच करतं. कच्च्या मूर्ती ट्रकात भरून गावोगाव पाठवतं, आणि तिकडची माणसं त्या रंगवून विकतात. या पोरानं जन्मापासून हेच पाहिलेलं. वर्ध्याच्या नाहीतर बेळगावच्या माणसाला कच्चा गेम म्हणजे काय ते कळणार नाही, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं! तिला इतकं हसू आलं की जनूही काम सोडून बघू लागला.

"हरेश, हे पेणच्या बाहेर कोणाला माहीत आहे रे? आणि कच्चा तर कच्चा, पण चारशे नव्याण्णव?"

काका उठता उठता थांबले. "किती?"

"चारशे नव्याण्णव, काका."

"कच्च्याला रंगीताचा भाव लावलास?" काकांचा आवाज रस्त्यावर गेला असेल. गेमचं त्यांना काडीचं कळत नव्हतं, पण हा गुन्हा त्यांना पुरता कळला. "अरे, माझ्या कारखान्यात वाढून हे शिकलास तू? कच्चा अर्ध्याच्या वर कधी गेलाय का? गिऱ्हाईक दारात उभं करील?" मग ते किमयाकडे वळले आणि धंद्याच्या आवाजात म्हणाले, "भाव ऱ्हाऊ दे. घडन कशी हाय?"

"घडण?" किमया क्षणभर थांबली. "काका, माझा भात करपला."

काकांनी हात धुतले आणि हरेशच्या लॅपटॉपसमोर मांडी घातली. हरेश बटणं दाखवत गेला. भरती आली, बांध फुटला, काका दारोदार फिरू लागले. पण एकही दार उघडेना.

"अरे, येत कसा नाय कोनी? पानी शिरतंय!"

"तुमी गेलात का कोनाच्या कामाला?" मावशी मागून म्हणाली. "मगापासून नुसते बैल बघत फिरताय."

"मला काय म्हायती इथं बी जावं लागतं!" काका चिडून म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करून निमूटपणे कोणाच्या तरी शेतात लावणीला गेले. दुसऱ्या खेपेला तीन दारं उघडली. काका मांडीवर थाप मारून ओरडले, "आली, आली!" जनूनं हातातला पॉलिशचा कागद खाली टाकला आणि तोही येऊन मागे उभा राहिला.

बांध बुजला तेव्हा समोरचा चहा थंड झाला होता. काकांनी पडद्यावरून नजर न काढता विचारलं, "किमे, अर्ध्या भावाला काय म्हनशील?"

"आधी लोकांना सांगीन, हा माझा मावसभाऊ आहे. मग कच्चा म्हणजे काय ते सांगीन. चिंबोरी नि आजी दोन्ही दाखवीन. आणि मग म्हणीन, घ्या. आजच घ्या."

हरेशनं पुढे वाकून लॅपटॉपवर किंमत बदलली. अडीचशे. मग उठून आपल्या जागेवर जाऊ लागला, कारण सीझन तोंडावर होता आणि निकाल लागला तरी सीझन संपेपर्यंत ब्रश सुटणार नव्हता.

"तिकडं कुठं चाललास?" काका म्हणाले. "आता गिऱ्हाईक येईल. उसवलेलं शिवायचं कोनी? जनू, हऱ्याच्या पाटावर आजपासून तू बस."

"सीझनमध्ये?" मावशीनं विचारलं.

"मग काय सीझन झाल्यावर?" काका म्हणाले. "माल बाजारात गेलाय."

हरेश तिथेच उभा राहिला. जनूनं त्याचा पाट ओढून घेतला, त्याच्या रंगाच्या वाट्या आपल्या पुढ्यात मांडल्या आणि मान खाली घालून कामाला लागला.