आकडीवर आळ

चाकूरच्या बसस्टँडमागे डॉक्टर दिपालीचा दातांचा दवाखाना होता, आणि सरजाबाईने तिथे तिचं डोकं उठवलं होतं. बाई जेवण झालं की मिश्री लावायची आणि हिरड्या सुजल्या की आणखी लावायची. दिपालीने दात आणि हिरडीच्या फटीत खुणांची बारीक सळई घालून खोली मोजली, तर टोक लागताच रक्त आलं. मग वाकड्या टोकाच्या आकडीने खालच्या दातांवरचा दगडासारखा थर खरवडला आणि वरच्या दातांसाठी पुढच्या आठवड्यात बोलावलं.

सरजाबाई आली ती भांडायलाच. पदराची गाठ सोडून तिने टेबलावर एक काळपट खडा ठेवला.

"घरी चूळ भरताना पडला. दात फोडलाव तुम्ही. व्हता तिथं बसवून द्या."

"मावशी, हा दात नाही. ही साचलेली घाण आहे. हिच्यामुळंच हिरड्या सडल्यात."

"घाण कशी? हिच्या आधारानंच दात उभे व्हते. आता फटी पडल्या, हलायलेत. अन् रगत तर तुमच्या आकडीनंच काढलं."

दिपालीने आरसा दाखवला, चित्र काढलं, घसा कोरडा केला. सूज उतरली म्हणून फट दिसते, महिनाभरात हिरडी घट्ट होईल, हे तिने तीनतीनदा सांगितलं. सरजाबाईने खडा परत गाठीत बांधला, लातूरला जाऊन सगळे दात उपटून घेतले आणि पुढे कवळी बसवली. वाचण्यासारखे दात असे गेले म्हणून दिपाली नुसती धुमसत राहिली. त्यात सरजाबाईच्या गल्लीतल्या बायकाही यायच्या बंद झाल्या.

पाऊसकाळ संपता संपता सरजाबाई सुनेला घेऊन दारात उभी राहिली.

"ऋतुजाच्या हिरड्यातून रगत यायलंय. लातूर लांब पडतंय, हिचेबी तुम्हीच काढून टाका. एकदाची कटकट जाईल."

ऋतुजा पंचविशीची पोर, खाली मान घालून बसली होती.  सवयीने सळईकडे गेलेला हात दिपालीने मागे घेतला.

"ऋतुजा, हात धुऊन ये. तुझ्याच बोटाने हिरडी दाब."

बोट लाल झालं.

"मावशी, माझ्या हातात काही आहे का?"

सरजाबाई त्या बोटाकडे बघत राहिली. जिभेने कवळी जरा हलवली.

"मंग माझे राहिले असते का?"

हेच तिला तोंडावर ऐकवायचं म्हणून दिपाली किती दिवस मनातल्या मनात भांडत होती. आता ते बोलायची तिला लाज वाटली.

"पुढचे दोन गेले असते," ती हळूच म्हणाली. "बाकीचे राहिले असते."

सरजाबाईने सुनेला दंडाला धरून खुर्चीत बसवलं.

"हिचं वरचं-खालचं आजच खरवडून टाका," ती म्हणाली. "उद्या मीच पुन्हा आडवी येईन."