उंदीरमारीचा खुंट

मी कुंपणाचा खुंट बोलतोय. उगाच दचकू नका, खुंटालाही जीव असतो.

मूळचा मी उंदीरमारीच्या एका मोठ्या झाडाची फांदी. कुरणाच्या मालकाने, म्हणजे बाबांनी, मला कोयत्याने तोडलं, कुरणाच्या कडेला ठोकलं आणि अंगावर तार ताणली. लाकूड समजून विसरले. पण मी खाली मुळं सोडली, वर पालवी काढली. रांगेतले माझे भाऊबंदही फुटले.

कौतुक कुणाला? "उंदीरमारी ती, विषारी! हात धुवा." नाव एकदा बद्दू झालं की माणूस चौकशी करत नाही.

यंदा कुरण करपलं. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या, दूध आटलं. तेव्हा कॉलेजात पशुपालन शिकून आलेल्या बाबांच्या लेकीने माझा पाला तोडून तांबू गाईपुढे टाकला. तांबूने हुंगलं, फुर्र केलं, पाठ फिरवली.

"बघ! जनावराला कळतं, तुला कळत नाही," बाबा म्हणाले. "नावातच मारी आहे."

"नाव उंदराचं आहे, बाबा. तांबू काय उंदीर आहे?"

"तोंड आवर. संध्याकाळपर्यंत खाल्लं तर ठीक. नाहीतर ही रांग सरपणाला."

आणि ते माझ्यासमोरच कुऱ्हाडीला धार लावत बसले. दगडावर पातं घासलं जाई, तसा माझा रस गोठत जाई.

पोरीने पाला उन्हात पसरला. सुकता सुकता त्याचा उग्र वास गेला. मग तिने तो वाळल्या गवतात कालवला, वर चिमूटभर मीठ टाकलं. संध्याकाळ झाली, बाबा कुऱ्हाड घेऊन उठले. तांबूने एक घास घेतला. थांबली. माझी पानं थरथरली. मग तिने टोपलीत शिंगांपर्यंत तोंड खुपसलं.

वाचलो, असं वाटलं. कसलं काय! चार दिवसांत गाईंना चटक लागली आणि बाबांनी सगळा कळपच आमच्यावर सोडला. आधी पानं गेली, मग कोंब, मग साल. पोरगी काठी घेऊन धावत आली.

"आधी तोडायला निघालात, आता सोलायला? रांगेचा एक तुकडा चरू द्या, बाकीची फुटू द्या!"

"जनावरं उपाशी आहेत, पोरी."

"म्हणून पुढेही उपाशीच ठेवायची? तुमचं एक तर नाहीच, नाहीतर सगळंच!"

तिने कळप गोठ्यात हाकलला, फाटकाला कडी घातली. बाबा बाजूला झाले. पटलं म्हणून की नाइलाज म्हणून, कोण जाणे.

आज माझी एका बाजूची साल पूर्ण गेली आहे. उरलेल्या पट्टीतून रस कसाबसा वर चढतो. तिथेच एक कोंब डोळा उघडतोय. पोरगी चारा शोधायला बाहेर गेली आहे. फाटकामागे गाई हंबरताहेत आणि बाबांचा हात कडीवर आहे.

बाबा, मी विष नाही हे तुम्हाला पटलं. पण मी अमृतही प्यालेलो नाही. हा कोंब वाढू द्या, मग पोटभर देईन. आज तेवढी कडी काढू नका.